रेडिओवर गाणे वाजले म्हणून त्याची विक्री खरोखर वाढते का?

पाचजण_सांगली | ९ जून, रात्री १०.१२

नमस्कार. आम्ही पाच जण सांगलीत राहून मराठी पॉप म्हणता येतील अशी गाणी करतो. दोघी गातात, एक जण गिटार आणि एक जण कीबोर्ड वाजवतो, आणि ढोलकी व पॅड माझ्याकडे आहेत. विश्रामबागेतल्या एका गच्चीवरच्या खोलीत, भिंतींना जुन्या गोधड्या टांगून, आम्ही आठ महिने एकाच गाण्यावर काम केले. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ध्वनिमुद्रण थांबते, म्हणून मे महिन्यातच सगळे आवाज भरून घेतले. हा आमचा पहिला सिंगल असून तो गणपतीच्या पंधरा दिवस आधी प्रसिद्ध करायचा आहे.

सगळा खर्च वजा जाता प्रसिद्धीसाठी आमच्याकडे साठ हजार रुपये उरले आहेत. आमच्यातल्या दोघांचे म्हणणे आहे की ते बहुतांश रेडिओवर खर्च करावेत, कारण गाणे दिवसातून सात-आठ वेळा कानावर पडले तरच ते लोकांच्या तोंडी बसते. उरलेल्यांना वाटते की रेडिओवर ऐकणारा ऐकून मोकळा होतो आणि विकत काहीच घेत नाही. आमच्यासाठी विक्री म्हणजे तीन गोष्टी आहेत: पैसे भरून केलेले डाउनलोड, स्ट्रीमिंगवरचे ऐकणे आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या. ज्यांनी हा व्यवहार जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

---

पोवईनाका | ९ जून, रात्री १०.४०

अभिनंदन. आठ महिने एका गाण्यावर टिकून राहणे हेच मोठे काम आहे. गणपतीत पाहुणे मुक्कामाला येतील तेव्हा गोधड्या लागतील, त्याआधी दुसरेही गाणे भरून घ्या.

प्रश्नाबद्दल सांगायचे तर पैसे कोणाच्या हातात देणार आहात हे आधी कळू द्या. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखे आहे.

---

जुना_काउंटर | ९ जून, रात्री ११.२५

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या गल्ल्यावरून देतो. गणपती पेठेच्या बाजूला आमचे रेकॉर्डचे आणि पुढे कॅसेटचे दुकान १९६८ पासून २००६ पर्यंत चालले. आधी वडील बसत, १९८१ पासून मी बसू लागलो. वडील एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही ठेवत. तिच्या डाव्या पानावर त्या दिवशी काय विकले ते लिहिलेले असे आणि उजव्या पानावर "मागणी आली, माल नाही" असा मथळा असे. त्या वह्या आजही माझ्याकडे आहेत. कोणतीही वही उघडा, गुरुवारचे उजवे पान तुम्हाला भरलेले दिसेल.

त्याचे कारण बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी, हे होते. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेला अमीन सायानी यांचा हा कार्यक्रम आमच्या धंद्याचे पंचांग होता. गुरुवारी सकाळी शटर वर करण्याआधीच पायरीवर दोन-तीन माणसे उभी असत. गाण्याचे नाव कोणालाच येत नसे. "काल चौथ्या पायदानावर (क्रमांकावर) वाजले ते द्या," असे म्हणत किंवा मुखड्याची पहिली ओळ गुणगुणून दाखवत. वडिलांनी दुकानातल्या मुलाला बुधवारी रात्री पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसवले होते, ते एवढ्यासाठीच की गुरुवारच्या गुणगुणण्याचा अर्थ लावता यावा.

आता खरा मुद्दा. माल हाताशी नसला तर आम्ही गुरुवारी पुण्याच्या डीलरला ट्रंक कॉल लावत असू आणि एस.टी.चे पार्सल शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी येत असे. गुरुवारी दहा जणांनी विचारलेले असले, तर शनिवारी त्यातले तीन किंवा चारच परत येत. पुढे घरोघरी टू-इन-वन आले तेव्हा तेही येईनासे झाले, कारण रेडिओवर गाणे लागले की लोक कोरी कॅसेट घालून बटण दाबू लागले. म्हणून माझे मत असे आहे की रेडिओ मागणी नक्की निर्माण करतो, पण ती मागणी दोन दिवस ताजी राहते. तेवढ्यात माल हातात पडला तरच तिचे पैसे होतात.

---

सैदापूरची_सई | १० जून, सकाळी ७.०५

काका, उजव्या पानाची कल्पना फार आवडली. आज स्ट्रीमिंगवर कोणी गाणे शोधले आणि ते सापडले नाही, तर ती मागणी कलाकाराच्या नजरेलाही पडत नाही.

---

अर्थाअर्थी | १० जून, सकाळी ९.३०

मी कराडला वाणिज्य शाखेत शिकवतो आणि हा प्रश्न मला बरीच वर्षे खुणावतो आहे. काउंटर काकांचा अनुभव खरा आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष थोडा तपासून घ्यायला हवा असे मला वाटते.

एखादे गाणे रेडिओवर वाजले की त्याच गाण्याची विक्री वाढते, याबद्दल फारसा वाद नाही. वाद असा आहे की त्यामुळे सगळ्या गाण्यांची मिळून विक्री वाढते का. अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टॅन लिबोविट्झ यांनी २००४ च्या सुमारास नेमका हा भेद दाखवून दिला. एका तबकडीच्या बाबतीत जे खरे असते ते संपूर्ण धंद्याच्या बाबतीत खरे असेलच असे नाही, आणि रेडिओ जितका जास्त ऐकला जातो तितकी विकत घेऊन ऐकण्याची गरज कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. गिऱ्हाइकाच्या खिशात महिन्याला गाण्यांसाठी ठरावीकच पैसे असतात. रेडिओ ते पैसे कोणत्या गाण्याकडे वळवायचे हे ठरवतो, त्यात भर घालतो असे नाही.

म्हणून काका, एक विनंती आहे. गुरुवारचे पान बाजूला ठेवून महिन्याची एकूण बेरीज पाहता येईल का? गीतमालेत गाजलेली गाणी असलेल्या महिन्यात दुकानाची बेरीज इतर महिन्यांपेक्षा मोठी होती का?

पाचजण, तुमच्या दृष्टीने मात्र यात दिलासा आहे, कारण तुम्हाला संपूर्ण बाजार वाढवायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे लक्ष तुमच्याकडे वळले तरी तुमचे काम होते.

---

परदेशस्थ_मिरजकर | १० जून, दुपारी २.१५

मी मूळचा मिरजेचा, आता बरीच वर्षे इंग्लंडात आहे. पॉप गटाचा सिंगल आणि रेडिओ यांचे नाते या देशात जितके उघडपणे लढवले गेले तितके क्वचितच कुठे लढवले गेले असेल, म्हणून दोन-तीन गोष्टी सविस्तर सांगतो.

१९९६ मध्ये स्टेटस क्वो या जुन्या आणि लोकप्रिय रॉक गटाने बीबीसीच्या रेडिओ १ ला कोर्टात खेचले. आमचा नवा सिंगल विक्रीच्या यादीत येण्याजोगा असूनही तुम्ही तो वाजवण्याच्या यादीत घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपला श्रोता तरुण आहे आणि हे गाणे त्याच्यासाठी नाही, असे केंद्राचे म्हणणे पडले. कोर्टाने गटाची मागणी फेटाळली. तरीही ते गाणे विक्रीच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेले. म्हणजे ज्यांचा ऐकणारा वर्ग आधीच जमलेला आहे त्यांना रेडिओवाचून काही प्रमाणात विक्री करता येते, पण त्यापुढची चढण त्यांनाही जड जाते. नाहीतर एवढा नावाजलेला गट कोर्टाची पायरी कशाला चढला असता?

याच्या उलट उदाहरण म्हणून जानेवारी १९८४ मधले फ्रँकी गोज टू हॉलिवूड या गटाचे सांगितले जाते. रेडिओ १ च्या निवेदकाने त्यांचे गाणे अश्लील म्हणून हवेतच थांबवले, बीबीसीने बंदी घातली, आणि गाणे पहिल्या क्रमांकावर जाऊन पाच आठवडे तिथे राहिले. यावरून रेडिओ लागतच नाही असे अनेक जण म्हणतात, पण ते अर्धवट आहे. बंदीच्या वेळी ते गाणे सहाव्या क्रमांकावर पोहोचलेले होते आणि त्याच महिन्यात बीबीसीच्याच दूरचित्रवाणीवर दिसलेले होते. बंदीची बातमी झाली, कारण गाणे आधी ऐकले गेलेले होते.

आणि काउंटर काका, तुमच्या दोन दिवसांच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट बीटल्सची आहे. डिसेंबर १९६३ मध्ये एका शाळकरी मुलीने पत्र लिहून विचारले म्हणून वॉशिंग्टनच्या एका निवेदकाने त्यांची तबकडी ब्रिटनहून मागवली आणि रेडिओवर लावली. फोन खणाणू लागले, पण अमेरिकेतल्या दुकानांत ती तबकडी नव्हतीच. कॅपिटल कंपनीने ती १३ जानेवारीला आणायचे ठरवले होते, ती तारीख मागे घेऊन २६ डिसेंबरलाच माल बाजारात आणला. १ फेब्रुवारी १९६४ च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, ते गाणे पहिले होते. रेडिओने हाक दिल्याबरोबर कंपनीने दुकानात माल पोहोचवला, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते.

---

डॉल्बीवाला_तासगाव | १० जून, सायंकाळी ६.५०

वर सगळ्यांनी दुकान आणि रेडिओ एवढेच धरले आहे, पण आमच्या भागात गाणे तिसऱ्याच वाटेने पसरते. मी बारा वर्षे मिरवणुकीला साउंड देतो. लग्नाच्या वरातीत एखादे गाणे लागले आणि पोरांनी ते पुन्हा लावायला सांगितले, की दुसऱ्या दिवशी गावातल्या मोबाइलच्या दुकानात तेच गाणे मागितले जाते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तीस-चाळीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळत असे. त्याआधी हीच गोष्ट जत्रेत कॅसेटच्या गाड्यावर होत असे. आनंद शिंदे यांची लोकगीते आमच्या गावात रेडिओने पोहोचवली नाहीत, ती जत्रेतल्या भोंग्याने पोहोचवली, आणि कॅसेट त्याच भोंग्याखाली विकत मिळत असे.

मात्र एक कबूल करतो. कार्ड भरण्याचे पैसे गाणाऱ्याला कधीच मिळाले नाहीत. आमच्या वाटेने नाव होते, सुपारीही मिळते, पण विक्रीचा हिशेब कोणाच्या वहीत येत नाही.

---

सैदापूरची_सई | १० जून, रात्री ९.२०

डॉल्बीवाला दादांचे वाचून लिहावेसे वाटले, कारण मी ज्यांची चाहती आहे त्यांचे उदाहरण या सगळ्याहून वेगळे आहे. बीटीएस हा कोरियाचा सात जणांचा गट. त्यांचे पहिले संपूर्ण इंग्रजी गाणे ऑगस्ट २०२० मध्ये आले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. त्या पहिल्या आठवड्यात सुमारे तीन लाख प्रती विकल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक प्रती म्हणजे पैसे भरून केलेले डाउनलोड होते, आणि रेडिओवरचा वाटा त्या मानाने लहान होता. चाहत्यांनी गाणे येण्याच्या रात्रीच विकत घेण्याची तयारी केली होती. अमेरिकेतल्या रेडिओवर ते खऱ्या अर्थाने नंतरच्या महिन्यांत वाजू लागले. म्हणजे इथे विक्रीने रेडिओला ओढत आणले.

माझे मत असे की पाच जणांनी आधी आपली तीनशे माणसे जमवावीत, जी पहिल्या दिवशी गाणे विकत घेतील. रेडिओ त्यानंतर.

---

वाईकर_वकील | ११ जून, सकाळी ८.४५

सईताईंनी हॉट १०० चा उल्लेख केला, म्हणून एक बारकावा. ही यादी १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ती विक्री आणि रेडिओवरचे वाजणे यांची बेरीज करत आली आहे. ब्रिटनची यादी मात्र रेडिओ धरत नाही. पूर्वी अमेरिकेत नियम असा होता की जे गाणे सुटा सिंगल म्हणून दुकानात विक्रीला नाही ते हॉट १०० मध्ये येऊच शकत नाही. १९९६-९७ मध्ये नो डाउट या गटाचे एक गाणे रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिले राहिले आणि तरीही हॉट १०० मध्ये दिसले नाही, कारण कंपनीने त्याचा सिंगल काढलाच नव्हता. गाणे आवडलेल्या माणसाने संपूर्ण अल्बम घ्यावा, असा तो हिशेब होता. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला. म्हणजे रेडिओने निर्माण केलेली मागणी कोणत्या वस्तूकडे न्यायची हेही कंपन्या विचारपूर्वक ठरवत असत.

आता पैशांबद्दल. अमेरिकेतल्या नभोवाणी केंद्रांना गीतकार-संगीतकारांना मानधन द्यावे लागते, पण ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि गायकाला ती काहीच देत नाहीत. आम्ही वाजवतो हीच तुमची जाहिरात आहे, असे तिथल्या केंद्रांचे म्हणणे फार जुने आहे. भारतात तसे नाही. इथे केंद्राने ध्वनिमुद्रणासाठीही पैसे द्यायचे असतात, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने खासगी एफएमसाठी तो दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवला होता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाचा हक्क आणखी पक्का केला. पाचजण, तुमच्यापैकी ज्यांनी शब्द आणि चाल केली आहे त्यांनी आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे, सदस्यत्व आधी घ्यावे आणि गाणे तिथे नोंदवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

---

पाचजण_सांगली | ११ जून, रात्री १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील साहेब, सदस्यत्वाचा अर्ज उद्याच भरतो.

पोवईनाका यांनी विचारले होते म्हणून सांगतो. एका मध्यस्थाने आम्हाला सांगितले आहे की पंचेचाळीस हजारांत दहा दिवस, दिवसाला आठ वेळा गाणे वाजेल. ते जाहिरात म्हणून नव्हे, तर केंद्राने आपणहून निवडल्यासारखे वाजेल, असे त्यांचे म्हणणे आहे. पावती देता येणार नाही, असेही ते म्हणाले.

---

पोवईनाका | ११ जून, रात्री १०.२०

कृपया देऊ नका. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या साताऱ्यातल्या गटाने अशाच एका माणसाला तीस हजार रुपये दिले. गाणे वाजले हे खरे, पण पहाटे साडेपाचला आणि रात्री पावणेबाराला. आम्ही पाळीपाळीने जागून ऐकले म्हणून कळले. दहा दिवस ठरले होते, सहाव्या दिवसानंतर काहीच वाजले नाही आणि त्या माणसाचा फोनही लागला नाही. पावती नव्हती, म्हणून कोणाकडे दाद मागायची हा प्रश्नच उरला नाही. गटातल्या एकाने गिटार विकून आपला वाटा भरला होता, ते मला आजही विसरता येत नाही.

---

वाईकर_वकील | ११ जून, रात्री १०.५५

पावती नाही म्हणजे व्यवहार नाही. आपणहून निवडल्याचे भासवून पैसे घेणे या प्रकाराला अमेरिकेत पेओला म्हणतात. १९५९-६० मध्ये त्यावरून तिथे संसदीय चौकशी झाली, कायदा बदलला, आणि तरीही २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कारवाईनंतर सोनी बीएमजी कंपनीला एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. एवढे पैसे वर्षानुवर्षे कंपन्यांनी का मोजले असतील, याचा विचार केला तर वाजण्यामुळे विक्री वाढते असा त्यांचा पक्का अनुभव होता हेही दिसते. पण तो अनुभव मोठ्या शहरांतल्या, दुकानात माल भरून ठेवलेल्या कंपन्यांचा होता.

---

उद्घोषिका | १२ जून, दुपारी १२.३०

मी सांगली जिल्ह्यातलीच. आकाशवाणीवर दहा वर्षे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केले आहे, त्यामुळे माइकच्या बाजूने थोडे सांगते. आपल्या सांगलीचे केंद्र १९६३ पासून आहे आणि इथल्या श्रोत्यांची पत्रे मी स्वतः पोत्याने वाचली आहेत.

जाहिरातीची वेळ विकत घेता येते. तिचा दर ठरलेला असतो आणि पावती मिळते. निवड मात्र विकत घेता येत नाही, आणि कोणी ती विकत असेल तर तो आपल्या हातात नसलेली वस्तू विकतो आहे. खासगी एफएमवर वाजणारी गाणी बहुतेक वेळा संगणकावर आठवड्यासाठी बसवलेली असतात आणि त्यात चित्रपटांच्या गाण्यांचा वाटा मोठा असतो. नव्या गटाच्या गाण्याला तिथे जागा मिळणे कठीण आहे, पण स्थानिक कलाकारांच्या मुलाखतींमध्ये ती मिळते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. गाणे वाजणे आणि गाण्याचे नाव सांगितले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वेळी गाण्याआधी चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक अशी सगळी नावे सांगण्याची शिस्त होती. ही शिस्त वादातूनही गेलेली आहे. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना, म्हणजे १९५२ नंतर, चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात ठरते म्हणून ते गाळण्याचा निर्णय झाला. निर्मात्यांनी चिडून आपल्या गाण्यांचे परवाने काढून घेतले, आणि श्रोता सिलोनकडे गेला. नावाला केवढी किंमत आहे हे त्या भांडणावरून कळते. १९५७ मध्ये विविध भारती आली ती त्या गेलेल्या श्रोत्याला परत आणण्यासाठी. आज अनेक ठिकाणी निवेदक गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलतो, गाणे संपण्याआधी कापतो आणि नाव सांगत नाही. ऐकणाऱ्याला आवडले तरी शोधायचे काय? काउंटर काकांच्या दुकानात गुणगुणून दाखवता येत असे, मोबाइलसमोर गुणगुणायला अजून अनेकांना संकोच वाटतो.

एक जुने उदाहरण देते. शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचे आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गेले. छप्पन्न गीते, आठवड्याला एक, शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा आणि मग शनिवारी व रविवारी पुन्हा. लोक दर आठवड्याला वही-पेन्सिल घेऊन बसत, शब्द उतरवून घेत, आणि वर्तमानपत्रे ती गीते छापत. एकाच वेळी ऐकणे, पुन्हा ऐकायला मिळणे आणि शब्द हातात असणे, असे तिन्ही जुळून आले होते. दिवसाला आठ वेळा वाजवण्यापेक्षा ठरलेल्या वेळी आठवड्यात तीनदा वाजणे कधी कधी जास्त खोल जाते, असे मला वाटते.

---

माणदेशी_माणूस | १२ जून, रात्री ८.१०

उद्घोषिका ताईंच्या म्हणण्याला आमच्याकडचा दाखला. म्हसवडला माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ ९०.४ वर चालतो. पोहोच काही मैलांचीच, पण बोलणारा आपल्याच गावातला असतो. माझ्या मेहुण्याच्या बेंजो पार्टीचे गाणे तिथे लागले, सोबत पार्टीचे नाव आणि गावही सांगितले गेले. पुढच्या बाजारच्या दिवशी दोघांनी त्याला रस्त्यात गाठून लग्नाची सुपारी ठरवली. डाउनलोड एकही झाला नसेल, कारण तो प्रकारच त्याच्याकडे नव्हता. पाचजण यांनी विक्रीत सुपाऱ्या धरल्या आहेत ते अगदी बरोबर आहे.

---

अर्थाअर्थी | १२ जून, रात्री ९.४५

ताईंच्या मुद्द्यामुळे माझ्या मांडणीत एक दुरुस्ती करतो. लिबोविट्झ यांचा युक्तिवाद वस्तू विकत घेण्याबद्दल होता. सुपारी ही अशी वस्तू आहे की रेडिओ ऐकून तिची गरज भागत नाही, उलट वाढते. तुमच्या उत्पन्नात सुपाऱ्यांचा वाटा मोठा असेल तर माझी पहिली शंका तुम्हाला फारशी लागू होत नाही.

---

जुना_काउंटर | १३ जून, सकाळी ११.००

सरांनी सांगितले म्हणून काल दिवसभर माळ्यावरच्या वह्या काढून बसलो. सूनबाईंनी बेरजा केल्या. १९७४ ते १९७९ ही सहा वर्षे पाहिली, कारण त्या वह्यांना वाळवी लागलेली नाही.

मला जे दिसले ते माझ्या समजुतीच्या विरुद्ध आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. महिन्याची बेरीज गीतमालेवर हललेली दिसत नाही. ती दिवाळीला वाढते, लग्नसराईत वाढते, हळदीचे पैसे बाजारात आले की वाढते, आणि श्रावणात पडते. सर म्हणतात ते आमच्या दुकानापुरते तरी खरे निघाले. गुरुवारी कोणती रेकॉर्ड जाणार हे सायानी ठरवत होते, पण महिन्यात किती जाणार हे शेतकऱ्याच्या हातातला पैसा ठरवत होता.

परंतु एक गोष्ट बेरजेत दिसत नाही. उजव्या पानावर एका महिन्यात एकाच गाण्याला सत्तावीस वेळा मागणी आलेली आहे आणि डाव्या पानावर ते नऊ वेळा विकलेले आहे. त्या गाणाऱ्यांचे अठरा गिऱ्हाईक आमच्या पायरीवरून परत गेले. दुकानाचे नुकसान झाले नाही, कारण त्यांनी दुसरे काहीतरी घेतले असेल. पण त्या गाण्याचे झाले. पाचजण, तुम्ही दुकान नाही, तुम्ही ते गाणे आहात. म्हणून तुम्ही उजव्या पानाची काळजी करा.

गीतमालेबद्दल आणखी एक सांगतो. सुरुवातीला ती यादी मोठ्या शहरांतल्या दुकानांनी कळवलेल्या विक्रीवरून बनत असे. आकडे फुगवून कळवण्याचे प्रकार होऊ लागल्यावर श्रोता संघांची मतेही धरली जाऊ लागली. विक्रीने क्रमांक ठरत होता आणि क्रमांकाने पुन्हा विक्री ठरत होती, त्यामुळे पहिले ढकलणे ज्याला जमले त्याला पुढे सोपे जात असे.

---

परदेशस्थ_मिरजकर | १३ जून, दुपारी १.३०

काका, इतक्या वर्षांच्या वह्या जपून ठेवणे आणि त्यातून स्वतःची समजूत दुरुस्त करून घेणे, याला मी मनापासून नमस्कार करतो. त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा. सांगलीच्या बाजाराचा हा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला सापडणार नाही.

---

पाचजण_सांगली | १५ जून, रात्री ११.१५

आम्ही पाचही जण काल गच्चीवर बसून हा संपूर्ण धागा मोठ्याने वाचला. मध्यस्थाला नकार कळवला आहे. ठरले ते असे.

गाण्याच्या सुरुवातीला अडतीस सेकंदांची वाद्ये होती. उद्घोषिका ताई, निवेदक त्यावरच बोलणार हे कळल्यावर ती चौदा सेकंदांवर आणली. गिटारवाल्याला वाईट वाटले, पण त्याने स्वतःच कापली. गटाचे नाव आता शेवटच्या कडव्यानंतर दोघी मिळून गातात, त्यामुळे कोणी नाव सांगितले नाही तरी ते ऐकू जाईल.

आठ हजार रुपये ठेवून आकाशवाणीवर आणि सामुदायिक केंद्रांवर मुलाखतींसाठी जाण्या-येण्याचा खर्च धरला आहे. वीस हजारांची अधिकृत जाहिरात, पावतीसह, पण ती गाणे बाहेर येण्याच्या दिवशी सुरू होईल, त्याआधी एकही दिवस नाही. पंधरा हजारांत सांगली, मिरज, तासगाव आणि इस्लामपूरच्या मोबाइल दुकानांत काउंटरवर ठेवायचे क्यूआर कोडचे फलक, म्हणजे ऐकलेला माणूस तिथेच गाणे विकत घेऊ शकेल. डॉल्बीवाला दादा, तुमच्यासाठी मिरवणुकीचा वेगळा मिक्स करून देतो. सईताईंच्या तीनशे माणसांपैकी एकशे चाळीस नावे झाली आहेत. उरलेले सतरा हजार दुसऱ्या गाण्यासाठी बाजूला ठेवले आहेत.

आणि काका, आम्ही एक लाल पुठ्ठ्याची वही आणली आहे. दोन्ही पानांना मथळे घातले.

---

जुना_काउंटर | १६ जून, सकाळी ६.४०

उजव्या पानावर नावासोबत गावही लिहा. गणपतीनंतर मी वही बघायला येईन.

---

उद्घोषिका | १६ जून, सकाळी १०.०५

केंद्रावर गाणे देताना एमपी३ देऊ नका, डब्ल्यूएव्ही फाइल द्या. सोबत एका कागदावर गीतकार, संगीतकार, गायिका, कालावधी मिनिटे-सेकंदांत आणि पहिली ओळ टंकलिखित करून जोडा, कारण क्यू शीटवर, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यांच्या नोंदीच्या कागदावर, नेमके तेच उतरवले जाते. गटाच्या नावात जोडाक्षर असेल तर त्याचा उच्चार कसा करायचा तेही खाली लिहा. निवेदकाची जीभ अडखळली की तो पुढच्या वेळी ते नाव टाळतो.